झडती

मुंबईला उतरले तेव्हा पहाटेचे तीन.
उजवीकडे माणसांची नागमोडी रांग,
पाचव्या वळणावर एक मूल सुटकेसवरच झोपलेलं.
डावीकडे काचेचं दार आणि कोणीच नाही.
मी डावीकडे गेले.

बोटं टेकवली. कॅमेऱ्याकडे पाहिलं,
सांगितलं होतं तसं, न हसता.
काचेनं क्षणभर विचार केला
आणि बाजूला झाली.

'विश्वासू प्रवासी.' अर्ज भरताना
हा शब्द मी दोनदा वाचला होता.
घरात मला असं कोणी म्हटल्याचं आठवत नाही;
दुधाचे आठ आणे उरले तरी हिशेब द्यावा लागायचा.

माझी द्राक्षं रॉटरडॅमला अजून कंटेनरमध्येच आहेत.
नमुने घेतलेत, औषधाचा अंश मोजतायत.
निफाडची थॉमसन, बिचारी,
चार दिवस झाले, कोणी 'या' म्हणत नाही.
मला आठ सेकंद.

कसारा घाटात डोळा लागला.
विल्होळीला जाग आली तर उजाडलेलं.
बिटको चौकात सिग्नल बंद,
जो तो आपापल्या भरवशावर.

जेलरोडला सोसायटीच्या फाटकात
बेंडकुळे मामांनी टॅक्सी अडवली, वही पुढे केली.
"नाव?"
मामा, मी आहे.
"ते झालं. पण नाव? कुठून? कोणाकडे?"
सुतळीला बांधलेलं पेन.
लिहिलं : अ‍ॅमस्टरडॅम. गांगुर्डे, बी-सात.
'येण्याचं कारण' या रकान्यात काय लिहावं कळेना.
वरच्या ओळीत 'गॅस' होतं.
त्याखाली मी दोन टिंबं दिली.

अण्णा जागेच होते.
चहाच्या आधी हात पुढे : "पुस्तक दे."
ते त्याला पासपोर्ट म्हणत नाहीत.
तेहतीस वर्षं प्रेसमध्ये, शेवटची अकरा शिवणीच्या यंत्रावर :
पानं, दोरा, पुठ्ठा, आकडा.
स्वतःचं पुस्तक कधी काढलं नाही.
"जायचंय कुठं? नेहरूनगरला व्हिसा लागत नाही."

अंगठ्यानं शिवण चाचपली. वास घेतला.
मग एकेक पान उलटत शेवटापर्यंत गेले,
परत मागे आले.
"शिक्का कुठाय?"
आता मारत नाहीत, अण्णा. जाताना काच, येताना काच.
"मग तू आलीस कशावरून?"
मी सांगितलं : बोटं, कॅमेरा, आठ सेकंद.
त्यांनी ऐकून घेतलं
आणि बाद शीट ठेवावी तसं बाजूला ठेवलं.

"आम्हाला रोज तपासायचे," म्हणाले.
"सुटीचा भोंगा झाला की रांग.
डबा उघडा. चपला काढा. हात वर.
तेहतीस वर्षांत एक कोरा कागद नाही गेला बाहेर.
एकदा डब्यात भेंडी उरली होती,
तीही त्यानं चमच्यानं उकरून बघितली."

वाईट नाही वाटायचं?

"कशाचं? त्याचा हात अंगाला लागला
की कळायचं, सुटलो. आता घर."

आत चहा उतू गेल्याचा वास आला.
"हात वर कर," अण्णा म्हणाले.
मला वाटलं थट्टा. पण ते उठले,
एका हातानं खुर्चीची पाठ धरून
दुसऱ्यानं माझे खांदे, बाह्या, जॅकेटचे खिसे,
वरून खाली, घाई न करता.
डाव्या खिशात विमानातली मिठाची पुडी निघाली.
खिडकीशी नेऊन त्यांनी तिची छपाई पाहिली.
"निळा सरकलाय," म्हणाले
आणि पुडी आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"हं. जा आता आत."